इंदूरच्या लॉजचे रिव्ह्यू: तारे बाजूला ठेवा, वाक्यं मोजा

आकडेमोड

माझ्या मामांचं इंदूरला छोटं लॉज आहे, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. येणारे बहुतेक पाहुणे महाराष्ट्रातले असतात: नाशिक, जळगाव, पुणे, अकोला. उज्जैन आणि ओंकारेश्वर करायचं, मध्ये इंदूरला मुक्काम, एक रात्र सराफा बाजारात खायला जायचं, असा ठरलेला बेत. ऑक्टोबर 2022 मध्ये उज्जैनला महाकाल मंदिराजवळचा ‘महाकाल लोक’ हा परिसर सुरू झाला तेव्हापासून गर्दी वाढली आणि गूगलवरचे रिव्ह्यूही वाढले. मामा रोज सकाळी चहा घेताना फोनवर सरासरी बघतात. ती चारच्या आसपास अडकून बसली आहे. त्यांचं म्हणणं, पोहे बरोबर होत नाहीत, आचारी बदलायला हवा, कारण ‘नाश्ता’ हा शब्द तक्रारींमध्ये सारखा येतो.

मी डेटाचं काम करतो. म्हटलं, आचाऱ्याची नोकरी घालवण्याआधी रिव्ह्यू नीट वाचू. लॉजच्या स्वतःच्या लिस्टिंगवरचे सगळे रिव्ह्यू एका शीटमध्ये घेतले, लिहिणाऱ्यांची नावं काढून टाकली आणि प्रत्येक रिव्ह्यूचे तुकडे केले. कसे, ते एका उदाहरणावरून सांगतो. हा रिव्ह्यू रोमन अक्षरांत होता, मी देवनागरीत लिहितो:

‘रूम एकदम क्लीन, स्टाफ पण चांगला. पण रात्री साडेबाराला महाकालला निघायचं होतं तर अंघोळीला पाणी गार. परत आलो तर नाश्ता संपला होता. बाकी लोकेशन मस्त.’ चार तारे.

या चार ताऱ्यांतून मामांना काय कळणार? तुकडे केले की पाच गोष्टी निघतात. स्वच्छता चांगली, माणसं चांगली, जागा चांगली, गरम पाणी वाईट, नाश्ता वाईट. आणि त्या नाश्त्याच्या तक्रारीत चवीबद्दल एक अक्षर नाही, वेळेबद्दल आहे. हेच सगळ्या रिव्ह्यूंवर केलं तेव्हा चित्र स्वच्छ झालं. पोह्यांची चव लोकांना आवडते, काहींनी तर वरच्या शेवेचंही कौतुक केलंय. तक्रार आहे ती नाश्ता दहाला बंद होण्याची. महाकालची भस्म आरती पहाटे चारची. ती झाली की लोक हरसिद्धी, कालभैरव, मंगलनाथ, सांदीपनी आश्रम करतात आणि दुपारी उपाशीपोटी लॉजवर येतात.

गरम पाण्याचं कोडं जास्त चांगलं होतं. ही तक्रार थंडीच्या महिन्यांत आणि फक्त रात्री निघणाऱ्यांची. सकाळी आठला अंघोळ करणाऱ्या एकानेही ती केलेली नाही. वर गच्चीवर सोलर आहे. संध्याकाळी प्रवासातून आलेले लोक सराफ्यात जायच्या आधी अंघोळ करतात, टाकी तेव्हाच रिकामी होते आणि नंतर आत येतं ते गार पाणी. मामा स्वतः पहाटे पाचला उठतात, त्या वेळी गॅसचा गीझर चालू केलेला असतो. त्यामुळे त्यांना आपल्याच लॉजमधलं गार पाणी कधी दिसलंच नाही.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. छोट्या लॉजवाल्यांकडे, होमस्टेवाल्यांकडे ही माहिती पडून आहे, फुकट आहे आणि ते नुसती सरासरी बघून आचाऱ्यावर चिडतात. इथे हॉटेल व्यवसायातले, संख्याशास्त्रातले, नुसते फिरणारे, सगळेच लोक आहेत. तुमचे अनुभव लिहा.

पलासियाकर

उत्तम धागा. मी बरीच वर्षं हॉटेल मॅनेजमेंट शिकवते. तुम्ही जे केलंत त्याला शास्त्रात पैलूनुसार भावना-विश्लेषण म्हणतात. संगणकाला भाषा किती समजते हे तपासणाऱ्या सेमइव्हल स्पर्धेत 2014 मध्ये रेस्टॉरंट आणि लॅपटॉपच्या रिव्ह्यूंवर हेच काम दिलं होतं, 2015 मध्ये त्यात हॉटेलंही आली.

त्याच्याही आधीचा विचार सांगते, कारण तो अजून तितकाच उपयोगी आहे. पारसुरामन, झाइटहॅमल आणि बेरी या तिघांनी 1988 मध्ये सर्व्हक्वाल नावाची प्रश्नावली मांडली. 22 विधानं, पाच पैलू: विश्वासार्हता, तत्परता, खात्री, आस्था आणि डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू. मूळ कल्पना अशी की पाहुण्याने काय अपेक्षिलं आणि त्याला काय मिळालं यातली तफावत मोजायची. नुसतं ‘काय मिळालं’ मोजून भागत नाही.

इंदूरला हे अगदी ठळक दिसतं. 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर, त्यामुळे बाहेरून येणारा माणूस मनात एक चित्र घेऊनच गाडीतून उतरतो. दुसऱ्या गावात ज्या जिन्यातल्या डागाकडे तो बघणारही नाही, त्याबद्दल इथे रिव्ह्यूत लिहितो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते की शहराचं नाव जितकं मोठं, तितकं लॉजवाल्याचं काम अवघड.

सराफ्याची_रात

भिया, एक शंका. मी खाण्याच्या ठिकाणांचे रिव्ह्यू असेच मोजून बघितले होते, एका तयार टूलने. त्याने सराफ्याची निम्मी वाक्यं नकारात्मक दाखवली. का, तर त्यात ‘गर्दी’ होती, ‘धक्काबुक्की’ होती, ‘रात्री एकला पण उभं राहायला जागा नाही’ असं होतं. सराफ्यात तर ती तारीफ आहे! दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि दहीवडे खायला जी गर्दी होते, ती बघायलाच लोक येतात.

दुसरं म्हणजे गराडू, तळून मसाला लावलेला कंद. मे महिन्यात येऊन ‘गराडू मिळाला नाही, निराशा’ असं लिहिणारे भेटतात. तो थंडीतच मिळतो. यात दुकानदाराचा काय दोष?

आकडेमोड

अगदी मुद्द्याचं. तयार टूलमध्ये शब्दांचा कोश असतो आणि त्यात गर्दी म्हणजे वाईट. पण महाकालच्या रांगेतली गर्दी आणि सराफ्यातली गर्दी यांचे गुण वेगळेच द्यावे लागतात. म्हणून मी आधी ठिकाण, मग पैलू, मग भावना या क्रमाने जातो.

भाषेचंही आहे. मराठीसाठी पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने 2021 मध्ये महासेंट हा भावना ओळखण्याचा डेटासेट केला, साधारण 16,000 ट्वीट्सचा. काम मोलाचंच आहे, पण ट्वीटमधली मराठी आणि लॉजच्या रिव्ह्यूतली मराठी यांत अंतर आहे. गूगलच्या भारतातल्या गटाचं म्युरिल हे भाषेचं मॉडेल 17 भाषांवर तयार केलंय आणि त्यात भारतीय भाषांचा रोमन लिपीतला मजकूरही घेतलाय, म्हणून आपल्याकडच्या ‘रूम छान होती बट एसी नॉट वर्किंग’ छापाच्या वाक्यांना ते जास्त जवळचं. तरीही काही शे रिव्ह्यू असतील तर मी म्हणेन, हातानेच करा. एका रविवारचं काम आहे.

गराडूची तक्रार मात्र टाकून देऊ नका. ती चवीबद्दल नाही, माहितीबद्दल आहे. लॉजच्या रिसेप्शनवर ‘या महिन्यात सराफ्यात काय मिळतं’ असा एक कागद लावला तरी ती संपते.

शंकासमाधान

मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. हाताने करा म्हणता ते ठीक, पण एकट्याने करू नका. दोघांनी स्वतंत्रपणे तेच पन्नास रिव्ह्यू तपासावेत, कुठला तुकडा कुठल्या पैलूत टाकला ते लिहावं आणि मग ताडून बघावं. मतं किती जुळतात हे मोजायला कोहेनचा कप्पा (kappa) नावाचा आकडा आहे, 1960 चा. योगायोगाने जे जुळलं असतं ते तो वजा करतो. दोघांचं जुळत नसेल तर तुमच्या पैलूंच्या व्याख्या धूसर आहेत असं समजा. ‘पाणी’ या एका रकान्यात पिण्याचं पाणी, गरम पाणी आणि छतातून गळणारं पाणी एकत्र पडलेलं मी बघितलंय.

आता सरासरीबद्दल. थोड्या रिव्ह्यूंवरची सरासरी फसवी असते, हे लॉजवाल्यांनी आणि पाहुण्यांनीही समजून घ्यावं. समजा एका लॉजला चारच रिव्ह्यू आहेत, चारही पाच ताऱ्यांचे. दुसऱ्याला 300 आहेत, सरासरी 4.5. पहिलं वर ठेवायचं? परिसराची सरासरी 4.0 धरा आणि प्रत्येकाच्या खात्यात त्या सरासरीचे 20 काल्पनिक रिव्ह्यू मिसळा. पहिल्याचं होतं 100 भागिले 24, म्हणजे 4.17. दुसऱ्याचं 1430 भागिले 320, म्हणजे 4.47. जसजसे खरे रिव्ह्यू वाढतात तसतसं काल्पनिकांचं वजन आपोआप कमी होतं. 20 ऐवजी किती घ्यायचे हा अनुभवाचा भाग, पण न घेण्यापेक्षा घेतलेले बरे.

शिवाय मोजपट्टी काय आहे तेही बघा. बुकिंग डॉट कॉमवर पूर्वी गुण दहापैकी दिसत, पण सर्वांत कमी मिळू शकणारा गुण 2.5 होता, शून्य किंवा एक नव्हे. 2019 मध्ये त्यांनी पद्धत बदलून 1 ते 10 केली. बदलाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका रांगेत ठेवून ‘आमची सेवा घसरली’ म्हणणं चुकीचं ठरेल.

नर्मदाकाठ

आमचा महेश्वरला होमस्टे आहे, घाटापासून जवळ. माझा मुद्दा वेगळा आहे. लिहितं कोण? आमच्याकडे यात्रा कंपनीच्या बसने येणाऱ्या सत्तरीच्या आजी कधीच गूगलवर लिहीत नाहीत. गुडघे दुखत असताना दोन मजले चढून जातात, जाताना माझ्या हातात खाऊ ठेवून जातात, आणि तुमच्या शीटमध्ये त्यांच्या नावाची एक ओळ नसते. लिहितात ते पंचविशीतले, ज्यांना वायफाय हवं असतं. मग मी वायफायवर खर्च करायचा की खालच्या मजल्यावर दोन खोल्या वाढवायच्या?

आमच्याकडे अभिप्रायाची वही आहे, सासऱ्यांच्या काळापासून. तीत सगळे ‘उत्तम व्यवस्था, घरच्यासारखं वाटलं’ असंच लिहितात. तीही मोजून काय हाती लागणार?

पलासियाकर

नर्मदाकाठ ताई, हा प्रश्न धाग्यातला सर्वांत मोठा आहे. ऑनलाइन रिव्ह्यूंमध्ये खूप खूश आणि खूप चिडलेले लोक जास्त लिहितात, मधले गप्प बसतात. ताऱ्यांचा आलेख काढला तर एकला थोडी उंची, दोन-तीनला खड्डा आणि पाचला मोठा मनोरा असा इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा आकार दिसतो. हू, झांग आणि पावलू यांनी 2009 मध्ये यावर लिहिलंय. वहीचं उलट आहे. यजमान समोर उभा असताना कोण वाईट लिहिणार?

पण वही मोजण्यासारखी नक्की आहे. तारे नाहीत म्हणून भावना मोजू नका, उल्लेख मोजा. कोण कुठून आलं, किती जण, कुठल्या महिन्यात, आणि कौतुक नेमकं कशाचं केलं. ‘जेवण’ किती वेळा, ‘घाट’ किती वेळा, ‘साडी’ किती वेळा. ज्याचा उल्लेख हळूहळू बंद झालाय तेही बघा. आणि आजींना निघताना एकच प्रश्न तोंडी विचारा: ‘कुठे त्रास झाला?’ ‘सगळं ठीक होतं ना?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’च येतं.

राजवाडा_चौक

खोट्या रिव्ह्यूंचं काय? आमच्या गल्लीतल्या एका ठिकाणाला आठवडाभरात ढीगभर पाच तारे मिळाले, सगळ्यांची भाषा सारखी. आणि त्याच सुमाराला शेजारच्यांना एक-एक तारा.

शंकासमाधान

यावर चांगला अभ्यास झालाय. कॉर्नेल विद्यापीठातल्या एका गटाने 2011 मध्ये शिकागोच्या 20 हॉटेलांचे 400 खरे आणि 400 मुद्दाम पैसे देऊन लिहवून घेतलेले खोटे रिव्ह्यू घेतले. माणसांना खरं-खोटं ओळखता येण्याचं प्रमाण नाणेफेकीच्या आसपास होतं, संगणकाने मात्र 90 टक्क्यांच्या जवळ ओळखले. खोट्या रिव्ह्यूंत खोलीच्या मोजमापाचे, जागेचे तपशील कमी होते, आणि ‘मी नवऱ्याबरोबर सुट्टीला गेले होते’ अशा गोष्टी जास्त.

तुमच्या गल्लीच्या अनुभवाशी जुळणारा अभ्यास 2014 चा आहे, मेझलिन, डोव्हर आणि शेव्हालिए यांचा. एक्सपीडियावर फक्त तिथून बुकिंग केलेला माणूसच लिहू शकत असे, ट्रिपॲडव्हायझरवर कुणीही. दोन्हींवरच्या त्याच हॉटेलांची तुलना केली, तर शेजारी स्वतंत्र मालकीचं हॉटेल असलेल्यांना ट्रिपॲडव्हायझरवर वाईट रिव्ह्यूंचं प्रमाण तुलनेने जास्त दिसलं. म्हणून मुक्कामाचा पुरावा असलेले आणि नसलेले रिव्ह्यू वेगळे ठेवा. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक म्हणून आलं.

ओंकारमांधाता

2028 ला उज्जैनला सिंहस्थ आहे. प्रयागराजला 2025 च्या महाकुंभात माणसं मोजायला कॅमेरे आणि एआय वापरलं, उज्जैनलाही तंत्रज्ञानाची तयारी असणारच. मग रिव्ह्यू वाचत कशाला बसायचं? कॅमेरा सगळं सांगेल.

आकडेमोड

कॅमेरा घाटावर किती माणसं आहेत हे सांगेल, आणि चेंगराचेंगरी टाळायला ते हवंच. पण त्या माणसाला चपला कुठे ठेवायच्या ते सापडलं नाही, आईला व्हीलचेअर मिळाली नाही, भस्म आरतीला धोतर-साडी लागते हे रांगेत गेल्यावर कळलं, ही गोष्ट कॅमेऱ्याला दिसत नाही. ती कुठेतरी चार ओळींत लिहिलेली असते. दोन्ही माहिती एकमेकांशेजारी ठेवली तर खरा उपयोग. कुठल्या तासाला गर्दी किती होती आणि त्याच तासाला आलेल्यांनी काय लिहिलं. मला तर वाटतं, सिंहस्थाच्या नियोजनात लॉजवाल्यांकडच्या या चार ओळींना जागा मिळायला हवी. प्रवासी रात्री दमून पहिल्यांदा आमच्याशीच बोलतो.

राजवाडा_चौक

एक व्यावहारिक प्रश्न. हे सगळे रिव्ह्यू एखाद्या चॅटबॉटला देऊन ‘पैलू काढून दे’ म्हटलं तर?

आकडेमोड

मी करून बघितलंय, वेळ वाचतो. दोन पथ्यं पाळतो. नावं, फोन नंबर, खोली नंबर, गाडीचा नंबर आधी काढून टाकायचा. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी पाहुण्याची माहिती बाहेर देणं मला पटलं नसतं. आणि त्याने केलेल्या कामातला काही भाग हाताने तपासायचा, विशेषतः मिश्र वाक्यं. ‘एवढ्या पैशात अजून काय हवं’ हे कौतुक आहे की टोमणा, हे त्याला पुष्कळदा मागचं-पुढचं वाचल्याशिवाय उमगत नाही. कधी कधी वाचूनही नाही. शेजारच्या लॉजचे रिव्ह्यू मात्र प्रोग्राम लावून ओढू नका, बहुतेक साइटच्या अटींत ते बसत नाही.

नर्मदाकाठ

मग मामांनी पुढे काय केलं, ते सांगितलंच नाहीत.

आकडेमोड

आचारी तोच आहे. नाश्ता साडेबारापर्यंत ठेवला, पोह्यांचा शेवटचा घाणा अकराला. उज्जैनला जाणाऱ्यांची यादी रिसेप्शनवर रात्री नऊलाच होते, आणि त्यांच्यासाठी साडेअकराला गॅसचा गीझर चालू करतात. तो आधीपासूनच होता, फक्त वेळ बदलली. निघताना थर्मासमधून चहा. श्रावणात आरतीची वेळ आणखी अलीकडे येते, तेव्हा यादीची वेळही बदलावी लागेल.

शंकासमाधान

आता उतावीळ होऊ नका. थंडी संपली की गार पाण्याची तक्रार तशीही कमी होणार, आणि तुम्ही म्हणाल गीझरमुळे झाली. येत्या डिसेंबर-जानेवारीची तुलना मागच्या डिसेंबर-जानेवारीशी करा. सोबत ज्याला तुम्ही हातच लावला नाही असा एक पैलू ठेवा, पार्किंग म्हणा. पार्किंगच्या तक्रारीही तितक्याच कमी झाल्या असतील तर बदल दुसऱ्याच कशाने तरी झालाय.

आकडेमोड

सर, पार्किंगच ठेवतो. गल्ली अरुंद आहे, तिथे आम्ही काही करू शकलेलो नाही, त्यामुळे तुलनेला योग्य.

नर्मदाकाठ ताई, तुमच्या वहीसाठी शीट तयार केली आहे. रकाने असे: महिना, गाव, किती जण, कशाचा उल्लेख, आणि वयस्कर सोबत होते का. शेवटचा रकाना तुमच्या आजींमुळे घातला. तुमच्या सासऱ्यांच्या काळातली पानं आधी टाइप करा, तेव्हा वायफाय नव्हतं, म्हणजे लोक जिन्याबद्दल काय म्हणत होते ते स्वतंत्र दिसेल. जुन्या वहीतलं अक्षर लागत नसेल तर फोटो पाठवा, नावं झाकून. माझी आई मोडी सोडून बाकी सगळं वाचते.

नर्मदाकाठ

पाठवते. पहिली वही 1990 च्या आसपासची आहे, शाई थोडी फुटलीय. उद्या दुपारी पाहुणे निघाले की बसते.